पाणी ओसरल्यावरची हजेरी

अगं धाकले, काल फोनवर तू हसत हसत सांगितलंस ते रात्रभर माझ्या डोक्यात घोळत राहिलं बघ. मुख्याध्यापकपदाचा चार्ज घेतलास, चाव्यांचा जुडगा मिळाला, शिक्के मिळाले, पोषण आहाराच्या तांदळाचा हिशोब मिळाला आणि कपाटाच्या तळाशी एक लाल फाईल मिळाली. वर ठळक अक्षरांत ‘शालेय आपत्ती व्यवस्थापन आराखडा’. उघडून बघतेस तर आत दुसऱ्याच शाळेचं नाव! कुणीतरी शेजारच्या केंद्रातल्या शाळेच्या फाईलीची झेरॉक्स मारून लावून दिलेली. नकाशात एक जिनाही होता म्हणालीस, आणि तुझी शाळा तर बैठी.

मीही हसले. पण फोन ठेवल्यावर झोप लागेना. कारण एक गोष्ट मी तुला आजवर सांगितलेली नाही. २०१९ च्या पुरात माझ्या शाळेतली ती फाईल भिजून तिचा लगदा झाला होता. पूर आल्यावर काय करायचं हे लिहिलेली फाईल पुरातच गेली! आणि मी काही हलगर्जी नव्हते गं. २००५ ला पाणी कुठवर आलं होतं त्याची रेघ आम्ही भिंतीवर रंगवून ठेवली होती, आणि फाईल त्या रेघेच्या वर चांगली दोन हात उंच फळीवर होती. शिरोळ तालुक्यात नदीकाठाला राहणारे आम्ही सगळेच त्या रेघेवर विसंबून होतो. ‘पाच सालाच्या वर पाणी जात नाही’ असं म्हातारी माणसंही सांगायची. ऑगस्टात पाणी त्या रेघेच्या वर गेलं, फळीच्या वर गेलं, आणि आमची सगळी अक्कल त्यात बुडाली.

म्हणून पहिली गोष्ट ही ऐक. मागच्या संकटाची रेघ म्हणजे पुढच्या संकटाची हद्द नव्हे.

जपानमधल्या ओकावा नावाच्या प्राथमिक शाळेबद्दल मी नंतर वाचलं. तीही नदीकाठचीच शाळा, समुद्रापासून जवळजवळ चार किलोमीटर आत. धोक्याच्या नकाशात ती सुरक्षित दाखवलेली, म्हणजे त्यांच्याकडेही एक रेघ होतीच. ११ मार्च २०११ ला भूकंप झाला, मुलं शिस्तीत मैदानावर आली. इथवर सगळं बरोबर. पुढं कुठं जायचं? त्यांच्या पुस्तिकेत लिहिलं होतं, जवळची मोकळी जागा किंवा बाग. नेमकी कुठली, ते लिहिलेलंच नव्हतं. शाळेच्या मागं टेकडी होती, डोंगरावर जाऊ या असं काही मुलं म्हणतही होती. मोठी माणसं जवळजवळ पन्नास मिनिटं मैदानातच ठरवत राहिली. त्सुनामीची लाट नदीतून वर आली. ७४ मुलं आणि १० शिक्षक गेले. पालक कोर्टात गेले. शाळेची आणि प्रशासनाची पूर्वतयारी अपुरी होती, हा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं २०१९ च्या ऑक्टोबरात कायम केला. आमचा पूर ओसरून तेव्हा दोन महिने झाले होते. 

ते शिक्षक वाईट होते का? अजिबात नाही. तुझ्यामाझ्यासारखेच होते. पण कुणी ठरवायचं आणि कुठं जायचं, एवढ्या दोन गोष्टी ज्या दिवशी ठरवायच्या असतात, त्या दिवशी त्यांनी ठरवल्या नव्हत्या. त्या साध्या, कंटाळवाण्या, ऊन पडलेल्या दिवशी ठरवायच्या असतात.

तेव्हा फाईल बाजूला ठेव आणि एका दुपारी सगळ्या शिक्षकांना आणि खिचडी शिजवणाऱ्या मावशींना घेऊन शाळेभोवती एक चक्कर मार. फाटकाची दुसरी चावी कुणाकडं आहे? मागचं दार उघडतं का, की त्याला जुनी बाकं टेकवलीत? गॅसची टाकी कुठं ठेवलीय? तमिळनाडूत कुंभकोणमला २००४ च्या जुलैत शाळेतच आग लागली होती, आठवतं? स्वयंपाकाच्या छपरातून ती वर्गावरच्या झावळ्यांच्या छपराला लागली आणि ९४ लेकरं गेली. तिथून पुढं सर्वोच्च न्यायालयानं २००९ मध्ये शाळांच्या सुरक्षेबद्दल आदेश दिले, राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं २०१६ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. तुझी लाल फाईल त्याचंच पोर आहे बरं. पण दाराला टेकलेलं बाक कुठलाही शासन निर्णय येऊन हलवत नाही. ते तुलाच हलवावं लागतं.

मग एकच पान लिही. नंबर, नावं आणि जागा, एवढंच. शाळा सोडायची की नाही ते कोण ठरवणार, आणि तू मीटिंगला तालुक्याला गेली असशील तर कोण? आपल्या पंचगंगेची इशारा पातळी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट, धोक्याची ४३. पण तुला खरी गरज वेगळ्या आकड्याची आहे. बंधाऱ्यावर किती फूट झालं की तुझ्या गावचा रस्ता बंद होतो? तो पारावरच्या आजोबांना तोंडपाठ असतो. विचारून घे आणि पानावर लिही. ते पान भिंतीवर लाव आणि त्याचा फोटो सगळ्यांच्या मोबाइलमध्ये असू दे.

आणि हजेरीपत्रक! धाकले, शाळेत आपत्तीच्या वेळी हजेरीपत्रकाएवढी कामाची दुसरी वस्तू नाही. आमच्या पहिल्याच रंगीत तालमीत आम्ही चार मिनिटांत सगळी मुलं मैदानावर आणली आणि स्वतःवर खूश झालो. पहिलीच्या बाईंनी सहज नावं घेतली तर एक पोरगी कमी. ती मुतारीत होती. घंटा ऐकून घाबरली आणि आतून कडी लावून बसली होती. तेव्हापासून नियम केला. बाहेर पडताना बाईच्या एका हातात हजेरी, मैदानावर आधी मोजणी, मग बाकीचं. आणि एकाला मुतारी बघायचं काम कायमचं. ज्याला नीट चालता येत नाही, ज्याला ऐकू येत नाही, त्याचा जोडीदार आधीच ठरवून ठेव.

हजेरीच्या शेवटच्या पानावर प्रत्येक मुलापुढं दोन नंबर हवेत, एक घरचा आणि एक दुसऱ्या गावच्या नातेवाइकाचा. पूर आला की सगळं गाव एकदमच पाण्यात असतं, गावातले दोन्ही नंबर लागत नाहीत. मामाचा नंबर लागतो. मुलाला न्यायला कोण येऊ शकतं, हेही लिहून ठेव. गडबडीत ‘मी काका आहे’ म्हणणाऱ्या कुणाच्याही हाती लेकरू देऊ नकोस, मग तो कितीही चिडू दे.

जनरल रजिस्टरची पानं आजच मोबाइलवर काढून ठेव. पुरात घरची रेशन कार्डं, आधार कार्डं सगळी वाहून जातात आणि पोराच्या जन्मतारखेचा एकच पुरावा उरतो, तो म्हणजे आपलं रजिस्टर. आमचं भिजलं तेव्हा एकेक पान उन्हात वाळवत मी आठ दिवस बसले होते. कित्येक नावांची शाई पसरली होती. ती नावं आम्ही बायकांनी आठवून आठवून लिहिली.

हे झालं पाण्याआधीचं. पण तुला आज मुद्दाम लिहायला बसले ते पाणी ओसरल्यानंतरचं सांगायला. तिथं मी चुकले होते.

आम्ही वरच्या गावातल्या हायस्कुलात छावणीत होतो. त्या वर्षी १५ ऑगस्टलाच राखी पौर्णिमा आली होती. झेंडावंदन आणि राखी एकाच अंगणात झाली. मुलं तोवर हिंडत, खेळत होती, आम्हाला वाटलं बरी आहेत. मग शाळा सुरू झाली. भिंतींना ओल, फरशीवर कितीही घासला तरी उरणारा गाळ, आणि तो वास. पहिल्या दिवशी काय घ्यावं कळेना. मी चौथीला निबंध दिला, ‘मी अनुभवलेला पूर’. आपल्या अंगवळणी पडलेला विषय गं! सहलीवर निबंध, पावसाळ्यावर निबंध, तसा पुरावर. आणि वर म्हणाले, सगळ्यांनी लिहायचाच, मग मोठ्यानं वाचायचा.

एक मुलगी दुसऱ्या बाकावर बसायची. तिनं लिहिलं, ‘आमची म्हैस होती.’ पुढं काही नाही. त्याच ओळीखाली पेन्सिल दाबून दाबून ती रेघा मारत बसली, शेवटी कागद फाटला. मी जवळ गेले तर मान वर करेना. मधल्या सुट्टीत माझ्या मागं मागं आली आणि पदराला धरून म्हणाली, “बाई, दावं मी सोडायचं होतं. आईनं मला सांगितलं होतं. मी विसरले.”

नऊ वर्षांचं पोर पंधरा दिवस हे एकटं घेऊन हिंडत होतं! मुलांचं असंच असतं. मोठ्यांना संकटाचं कारण नदीत, धरणात, पावसात दिसतं. लहानांना ते स्वतःत दिसतं. मी ऐकलं नाही म्हणून, मी भांडलो म्हणून, मी विसरले म्हणून. आणि ते विचारल्याशिवाय सांगत नाहीत, चारचौघांत तर नाहीच नाही. मी तिला तेव्हा जवळ घेतलं आणि एवढंच म्हणाले, “तू विसरली नव्हतीस, तू घाबरली होतीस. आणि एवढ्या पाण्यात दावं सोडणं हे मोठ्या माणसांचं काम असतं.” तेवढंच दहा वेळा म्हणाले. संध्याकाळी तिच्या आईला भेटले. आईला आपण पोरीला तसं सांगितल्याचं आठवतही नव्हतं.

नंतर कळलं की मी जे केलं ते करू नये असंच जाणते सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचाराची एक पुस्तिका काढलीय. सार सोपं आहे. बघा, ऐका, जोडून द्या. कोण गप्प आहे, कोण खात नाही ते बघायचं. बोललं तर ऐकायचं, पण खणून काढायचं नाही. आणि ज्याला जे हवं त्याच्याशी त्याला जोडून द्यायचं, आईशी, डॉक्टरशी, दाखल्याशी, नव्या दप्तराशी. सगळ्यांना बसवून ‘काय काय झालं ते सांगा’ असं करायला लावणं मदतीचं ठरत नाही, उलट काहींना त्याचा त्रासच होतो.

मग पहिल्या दिवशी करायचं काय? रोजचंच. घंटा रोजच्या वेळेला, प्रार्थना रोजची, खिचडी रोजच्या वेळेला. ज्याचं घर गेलंय त्याच्यासाठी ‘आता मधली सुट्टी, मग गणित’ एवढी खात्रीही फार मोठी असते. पोर्शन मात्र पंधरा दिवस मागं पडला तर पडू दे. साहेब विचारतील, त्यांना माझं नाव सांग! खडू, रंग, माती पुढं ठेव, ज्याला काढावंसं वाटेल तो काढेल. आमची पोरं महिनाभर ‘पूर-पूर’ खेळायची. दोन बाकांची बोट, एक जण एनडीआरएफचा जवान, बाकीचे ओरडणार. एक सर चिडले, हे काय अभद्र खेळताय म्हणून. मी म्हटलं, खेळू द्या सर. पाण्यानं त्यांना ओढलं होतं, आता ती बोट चालवतायत.

लहानं पुन्हा अंथरूण ओलं करतात, आईचा पदर सोडत नाहीत. मधली पोटात दुखतं म्हणतात. मोठी चिडतात, नाहीतर काही झालंच नाही असं वागतात. आभाळ भरलं की वर्गातली अर्धी डोकी खिडकीकडं वळतात. बहुतेकांचं हे काही आठवड्यांत आपोआप उतरतं. महिना उलटूनही ज्याची झोप, जेवण, खेळ परतत नाही, किंवा ज्याच्या तोंडी मरणाची भाषा येते, त्याचं मात्र ‘होईल बरं’ म्हणून सोडू नकोस. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याची सोय असते. टेलिमानसचा १४४१६ आणि मुलांसाठीचा १०९८, हे दोन नंबर त्या भिंतीवरच्या पानावर घालच. आपण बाई आहोत, वैद्य नव्हे. ओळखणं आणि पोचवणं आपलं.

आणि सगळी संकटं पाण्यानंच येत नाहीत. एखादं मूल अपघातात जातं, विहिरीत जातं. कधी मोठ्या वर्गातलं एखादं स्वतःच्या हातानं जातं. तेव्हा मुलांना बातमी तुझ्या तोंडून, त्याच दिवशी, साध्या शब्दांत कळू दे. ‘झोपला’, ‘लांब गेला’ असं लहानांना सांगू नये, मग ती झोपायला घाबरतात. ‘वारला’ म्हणावं. कसं झालं याचा तपशील चघळू नये, आणि स्वतःच्या हातानं गेलेल्याचा तर मुळीच नाही. त्याच्या जवळच्या दोघातिघांवर पुढं कित्येक दिवस नजर ठेवावी.

कुणा मुलीनं किंवा मुलानं अंगाला हात लावल्याचं सांगितलं, तर धाकले, तिथं ताई म्हणून नाही, मुख्याध्यापिका म्हणून ऐक. ‘शाळेचं नाव जाईल’ म्हणणारे दहा जण येतील. पॉक्सो कायदा २०१२ चा आहे. पोलिसांना कळवणं हे तुझं कर्तव्य आहे, न कळवणं हा गुन्हा आहे, आणि मुलाची ओळख कुठंही फुटता कामा नये. बदलापूरच्या शाळेतल्या २०२४ च्या घटनेनंतर सगळ्यांना मुलांच्या सुरक्षेसाठीची सखी सावित्री समिती आठवली. शासनानं ती २०२२ मध्येच सांगितली होती. तुझ्या शाळेत ती कागदावर आहे की बसते, ते बघ.

आता मदतीचं. पहिल्या महिन्यात दप्तरांचे ट्रक येतील. एका घरात तीन दप्तरं आणि दुसऱ्यात एकही नाही, असं आमच्याकडं झालं. म्हणून यादी शाळेनं करावी, वाटप घरी किंवा वर्गात गुपचूप करावं. पूरग्रस्त पोरांना रांगेत उभं करून हातात वह्या देऊन फोटो, याला मला तेव्हा नाही म्हणता आलं नाही. तू म्हण. तिसरीतला एक पोरगा फोटोनंतर विचारत होता, “बाई, पूरग्रस्त म्हणजे गरीब का?”

खरी मदत दुसऱ्या पावसाळ्यात लागते, तेव्हा ट्रक आलेले नसतात. किल्लारीचा भूकंप आठव. ३० सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवसाची पहाट, तीन वाजून छप्पन्न मिनिटं. विसर्जन करून माणसं नुकती झोपली होती आणि दगडमातीची जड घरं अंगावर आली. मदत तर साऱ्या देशातून आली. पण मला आठवते ती भारतीय जैन संघटनेच्या शांतिलाल मुथ्था यांची. सुमारे बाराशे मुलं त्यांनी पुण्याला आणली आणि वाघोलीला वर्षानुवर्षं सांभाळून शिकवली. मूल उभं राहायला किती वेळ लागतो याचा हिशोब तिथं महिन्यांत नाही, इयत्तांत झाला. तुझ्या हातात बाराशे नाहीत, साठ-सत्तर आहेत. पुढच्या जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस आला की वर्गात जाऊन थोडा वेळ नुसती उभी राहा. तेवढंच.

आणि तुझे शिक्षक! त्यांचीही घरं त्याच गावात असतात. आमच्या एका बाईंच्या माजघरात गुडघाभर गाळ होता आणि त्या शाळेत मुलांचे गाळाचे पाय धूत होत्या. चार दिवसांनी एका किरकोळ गोष्टीवरून त्या माझ्यावर ओरडल्या आणि मग रडल्या. मला आधी कळायला हवं होतं. पाळी लाव, दोन दिवस शाळा, एक दिवस स्वतःचं घर. आणि तूही माणूस आहेस हे विसरू नकोस. रात्री कितीही वाजता फोन कर, मी जागीच असते.

पुरानंतरची पहिली हजेरी सांगायची राहिली. छापील हजेरीपत्रक मिळालं नव्हतं. दोनशे पानी वहीवर पट्टीनं रकाने आखले आणि आठवणीनं नावं लिहिली. एकेक नाव घेत होते, “हजर बाई” येत होतं. एका नावाला उत्तर आलं नाही. माझ्या पोटात खड्डा. मागून कुणीतरी ओरडलं, “मामाकडं गेलाय बाई! नृसिंहवाडीच्या यात्रेला येणार म्हणालाय!” सगळा वर्ग हसला. पंधरा दिवसांत पहिल्यांदा. तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत मी खाली मान घालून हजेरी घेतली नाही. नाव घ्यायचं आणि मान वर करून त्या तोंडाकडं बघायचं. रोज बघितलं असेल तरच ज्या दिवशी ते तोंड वेगळं दिसतं त्या दिवशी कळतं.

उद्या शाळेत गेलीस की ती लाल फाईल काढ. दुसऱ्या शाळेचं नाव खोड, नसलेला जिना खोड, आणि चक्कर मारून आल्यावर आपलं पान त्यात लाव. आणि हो, त्या दुसऱ्या शाळेच्या बाईंना एक फोन कर. त्यांच्या फाईलीत कुणाचं नाव आहे, तेही विचार.